उसनी लायब्ररी आणि वेगाची मोजणी
घरातलं मोठं मूल कोडिंग शिकत असेल तर 'गिट' हे नाव कानावर आलंच असेल. 2005 साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर कोडमधल्या बदलांची नोंद ठेवतं आणि प्रत्येक नोंद 'शा-1' नावाच्या ठशाने ओळखतं. फेब्रुवारी 2017 मध्ये संशोधकांनी एकच ठसा असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ मुद्दाम बनवून दाखवल्या! मग गिट 2.13 मध्ये असा बनाव पकडणारी, बाहेरच्यांनी लिहिलेली लायब्ररी गिटच्याच कोडसोबत देऊ लागले. वेगळी शोधून बसवायला नको. ती जरा सावकाश चालते, तरी घेतली. माझ्या मते बरोबरच केलं.

वेग मोजायचा कसा? गिटमध्ये तीच चाचणी साधारण तीनदा चालवतात आणि सर्वांत कमी वेळ धरतात. आपण गंगापुरात मैदानावर धावण्याची वेळ घेतो, जवळपास तसंच. "स्लो झालंय" म्हणणाऱ्या मुलाला विचारा, किती सेकंदांनी?