ताग : धाग्याची प्रत ठरते पाण्यात

महाराष्ट्रातील शेतकरी ज्याला ताग म्हणतो, ते हिरवळीच्या खताचे पीक वेगळे. येथे विचार करावयाचा आहे तो गोणपाटाच्या तागाचा, म्हणजे प्रामुख्याने पश्चिम बंगाल, आसाम व बिहारमध्ये पिकणाऱ्या ज्यूटचा. १८५५ मध्ये हुगळीकाठी रिश्रा येथे भारतातील पहिली ताग गिरणी उभी राहिली. १९४७ च्या फाळणीत गिरण्या भारतात राहिल्या आणि तागाखालील बहुतांश जमीन पूर्व पाकिस्तानात गेली. पुढे देशात लागवड वाढविण्यात आली. धाग्याच्या प्रतीकडे मात्र तितके लक्ष गेले नाही.

ही प्रत गिरणीत नव्हे, तळ्यात ठरते. सुमारे चार महिन्यांचे पीक कापल्यावर पाने गळावीत म्हणून जुड्या काही दिवस शेतातच ठेवतात व नंतर पाण्यात बुडवितात. पाण्यातील जीवाणू तंतूंना बांधून ठेवणारे पेक्टिन विरघळवितात आणि साधारणतः पंधरा ते वीस दिवसांत तंतू काडीपासून सुटतो. घाई केल्यास साल चिकटून राहते. उशीर झाल्यास तंतू दुबळा होतो. संथ वाहणारे स्वच्छ पाणी असेल तर धागा सोनेरी निघतो. पाऊस लांबला की एकाच उथळ डबक्यात अनेकांच्या जुड्या पडतात, त्यांवर वजन म्हणून चिखल व केळीचे खुंट ठेवले जातात आणि धागा काळवंडतो. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तो सोडविणाऱ्या मजुराचे श्रम दोन्ही वेळा तेवढेच!

किमान आधारभूत किंमत प्रतीनुसार बदलते. त्यामुळे पाण्याच्या टंचाईचा भुर्दंड अखेर शेतकऱ्यालाच पडतो. १९८७ च्या कायद्याने धान्य व साखरेसाठी तागाच्या पोत्यांचा वापर सक्तीचा केल्याने गिरण्यांना हमखास मागणी मिळाली. परंतु जाड्याभरड्या पोत्याला उत्तम धागा लागत नाही. या संरक्षणाने प्रत सुधारण्याची निकड कमीच झाली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बराकपूर येथील केंद्रीय ताग संशोधन संस्थेने तयार केलेली जीवाणूयुक्त भुकटी कुजविण्याचा काळ सुमारे आठवड्याने कमी करते व प्रतही सुधारते. २०१५ पासून ‘ज्यूट-आयकेअर’ कार्यक्रमातून ती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविण्यात आली. तथापि भुकटीलाही पाणी लागतेच. लहान खातेदार आपल्या तुकड्यात तळे खोदू शकत नाही. तो खर्च गावाने किंवा शासनाने सामूहिक तळ्यांवर करावयाचा आहे.