शिडाच्या बोटीला ऑटोपायलट कोणता?

प्रश्न : मी मूळचा जिंतूरचा (जि. परभणी). निवृत्तीनंतर गोव्यात ३४ फुटी शिडाची बोट घेतली. सुकाणू चाकाचे, रिकामे वजन साडेपाच टन. मुंबईपर्यंत दोघेच जाणार आहोत. ऑटोपायलट कसा निवडावा, कसा बसवावा?

उत्तर : निवड रिकाम्या वजनावर करू नका. पाणी, डिझेल, नांगर, सामान धरून बोट सात टनांच्या घरात जाईल. यंत्राची क्षमता त्याहून किमान २५ टक्के जास्त हवी. चाकावर बसणारे यंत्र स्वस्त, पण मागून येणाऱ्या लाटांत ते कमी पडते. डेकखाली थेट सुकाणूच्या दांड्याला जोडणारा रॅम (पुढे-मागे सरकणारा दांडा) घ्या. चाकाची तार तुटली तरी तो बोट वळवतो.

रॅमचा पाया बोटीच्या सांगाड्याशी पक्का करा. होकायंत्राचा सेन्सर इंजिन, स्पीकर आणि लोखंडापासून दूर ठेवा. सरासरी ४ अँपिअर धरले तरी २४ तासांत ९६ अँपिअर-तास लागतात. बॅटरी त्या हिशेबाने घ्या. तार जाड, फ्यूज स्वतंत्र ठेवा. शेवटी शांत पाण्यात सावकाश गोल फिरून सेन्सर जुळवा.

ऑटोपायलट लावण्याआधी शिडांचा समतोल साधा, म्हणजे सुकाणूवर ताण कमी येतो आणि साधे यंत्रही बोट सांभाळते. २०२३ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आलेले भारतीय नाविक अभिलाष टॉमी वाऱ्यावर चालणाऱ्या स्वयंसुकाणूवरच पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. इलेक्ट्रॉनिक ऑटोपायलटला तिथे परवानगीच नव्हती.

कोकण किनाऱ्यावरची मासेमारीची जाळी यंत्राला दिसत नाहीत. म्हणून एकाने कायम पहाऱ्यावर राहावे आणि डेकवर दोघांनीही सुरक्षा-पट्टा बांधावा. माणूस पाण्यात पडला, तरी ऑटोपायलट बोट पुढेच नेतो.