आयोडीन सोळा दिवसांत संपत नाही

चि. छकुलीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल दादाचा फोन आला. आधी पाऊस, मग कांद्याचा भाव, आणि शेवटी आवाज खाली आणून मुद्दा: पोरगी प्रिलिमला फिजिक्समध्ये गडगडली, आता म्हणते अणुकेंद्राचा धडा ऑप्शनला टाकते. मार्क किती, हे आत्याने विचारलंच नाही. पेपरचे फोटो मागवले. आयोडीन-१३१चं अर्धायुष्य ८ दिवस, तर १६ दिवसांनी किती उरेल? तुझं उत्तर: शून्य.

या घरातल्या मुलीने हे लिहावं? आजीच्या थायरॉईडवर परळला दिलं होतं, तेच हे आयोडीन.

पहिल्या ८ दिवसांत निम्मं जातं. पुढच्या ८ दिवसांत उरलेल्याचं निम्मं. म्हणजे १६व्या दिवशी पाव हिस्सा शिल्लक, ३२व्या दिवशी सोळावा, आणि ८० दिवसांनी हजाराव्या हिश्शाहून किंचित कमी. अणुकेंद्र म्हातारं होत नाही, हे तुला कुणी सांगितलंच नाही बहुतेक. आठ दिवस टिकलेलं अणुकेंद्र पुढच्या आठ दिवसांत फुटण्याची शक्यता नव्याइतकीच, निम्मी. रदरफोर्डने माँट्रियलला १९०० साली थोरियममधून निघणाऱ्या वायूवर हेच मोजलं: साधारण दर मिनिटाला किरणोत्सार निम्मा. सूत्र मागाहून आलं, आधी घड्याळ लावून बसणं होतं. आणि पेपरात २० दिवस विचारले, तर २५ आणि साडेबाराच्या मधलं पावणेएकोणीस टक्के ठोकून देऊ नकोस. २० दिवस म्हणजे अडीच अर्धायुष्यं, उत्तर १७.७ टक्के येतं.

समीकरणातही तीच घाई. बीटा कण बाहेर पडला म्हणून तू अणुअंकातून एक वजा केलास आणि ५३चं ५२ केलंस. बीटाचा प्रभार उणे एक आहे गं! डावीकडे ५३, तर उजवीकडे ५४ आणि उणे १. तेव्हा बेरीज जुळते. आयोडीनचा झेनॉन होतो. वस्तुमानांक १३१ तसाच राहतो, कारण आत एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन झालेला असतो. गंमत म्हणजे अणुभट्टीत हे औषध बनवतात ते टेल्युरिअमपासून. टेल्युरिअम-१३० एक न्यूट्रॉन गिळतं, १३१ होतं, बीटा सोडतं आणि ५२चं ५३, आयोडीन, बनतं. तू आयोडीनचं पुन्हा टेल्युरिअम केलंस. उलटी गंगा!

पण ते शून्य. आत्या पुन्हा तिथेच येते. लासलगावच्या कांदा विकिरण केंद्रात कोबाल्ट-६० आहे. त्याच्या गॅमा किरणांनी कांद्याला कोंब फुटत नाहीत. त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, तुझ्या हिशोबाने साडेदहा वर्षांत केंद्राला कुलूप. खरं तर तेव्हा पाव ताकद उरलेली असते. तेवढीच मात्रा द्यायची तर कांदा चौपट वेळ किरणांसमोर ठेवा, नाहीतर नवा कोबाल्ट भरा. २००२ पासून तिथल्या माणसांना हा हिशोब चुकलेला नाही.

आजी परळहून घरी आली तेव्हा आत्या कॉलेजात होती. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपले, तरी आजीच्या ताटाला, गोधडीला ती हात लावीना. हे किरण कधी संपतच नाहीत, असं शेजारपाजारी बोलत होते. अर्धायुष्याची गणितं आत्याच्या वहीत सोडवलेली होती, पण ती वहीतच राहिली. शिवाय शरीर बरंचसं आयोडीन लघवीवाटे टाकून देतं, त्यामुळे अंगातलं आठ दिवसांच्या हिशोबाहूनही लवकर घटतं. हे आत्याने फार उशिरा वाचलं. आजी रागावली नाही. तिने आपणहून वेगळी थाळी घेतली आणि पुढेही कितीतरी दिवस त्याच थाळीत जेवत राहिली.

म्हणून ते शून्य इतकं टोचलं. तू आयोडीन सोळा दिवसांत संपवलंस, आत्याने ते कधी संपूच दिलं नाही. दोघींनीही आकडेमोड केली नाही, एवढंच.

झालं रागावून. बाकीचा पेपर आत्याने सावकाश वाचला. लॅम्डा काढताना ०.६९३ला अर्धायुष्याने भागलंस ते अगदी बरोबर आहे, आणि एककं एकाही ठिकाणी सोडलेली नाहीस. दादाला हे बारावीत जमत नव्हतं, विचार त्याला. तुझा ‘ळ’ थेट आजीच्या वळणाचा आहे, हेही आत्ताच लक्षात आलं.

धडा ऑप्शनला टाकू नकोस, आणि टाकलासच तर घरात तोंड लपवत फिरू नकोस. दादाला आत्याने बजावलं आहे, आठवडाभर मार्कांचं नाव काढायचं नाही. शनिवारी बसने ये, भरली वांगी करते. वही आण किंवा आणू नकोस. मधे काही अडलं तर फोन कर. रात्री अकरापर्यंत आत्या जागीच असते.

तुझी
आत्या