क्लीट व पेडल : लहान भागांची मोठी जबाबदारी

रस्त्यावरील सायकल शर्यतींकडे महाराष्ट्रातील तरुणांचा ओढा वाढत आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत जोडीने पूर्ण केली, तेव्हापासून या क्रीडाप्रकाराची विशेष चर्चा होऊ लागली. सायकल, हेल्मेट व ब्रेक यांची तपासणी बहुतेक ठिकाणी होते. बुटाच्या तळाला बसविलेल्या क्लीटकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अपघाताचे एक कारण तेथेच दडलेले असते.

रचना

पूर्वी शर्यतपटू पेडलवरील पिंजऱ्यात पाऊल घालून ते चामडी पट्ट्याने आवळून घेत. १९८४ मध्ये फ्रान्समधील ‘लूक’ या कंपनीने बर्फावरील स्कीच्या बांधणीचे तत्त्व पेडलला लावले. १९८५ मध्ये बर्नार इनो यांनी असेच पेडल वापरून ‘तूर द फ्रान्स’ जिंकली आणि पट्ट्यांचा काळ मागे पडू लागला. या रचनेत प्लास्टिकच्या क्लीटचे टोक पेडलच्या पुढील खाचेत अडकते व मागील बाजू स्प्रिंगच्या कळीत बसते. टाच बाहेरच्या बाजूस वळविताच पाऊल सुटते.

धोका कोठे?

क्लीट तीन स्क्रूंनी बुटाला जोडलेली असते. स्क्रू सैल झाल्यास बूट वळतो, परंतु क्लीट पेडलमध्ये तशीच राहते. पाऊल सुटत नाही आणि सिग्नलपाशी थांबलेला स्वार रहदारीत कोसळतो. उलटपक्षी, क्लीट झिजली असल्यास उभे राहून जोर लावताना पाऊल अकस्मात निसटते. क्लीटची झीज मुख्यतः सायकल चालविताना नव्हे, तर फरशीवर व डांबरी रस्त्यावर चालताना होते. म्हणून सायकलीवरून उतरताच क्लीटवर रबरी आवरण चढविणे इष्ट ठरते.

निगा

दर आठवड्यास जुन्या दातब्रशने क्लीट व कळ यांतील माती काढावी. स्क्रू एलन-कीने तपासावेत. ५ ते ६ न्यूटन-मीटर एवढे आवळणे सामान्यतः पुरेसे असते. क्लीटवरील झिजेच्या खुणा नाहीशा झाल्यास दोन्ही क्लीट एकाच वेळी बदलाव्यात. जुनी क्लीट काढण्यापूर्वी तिच्या कडेने बुटावर रेघ ओढून ठेवावी, म्हणजे नवी क्लीट त्याच जागी बसते. जागा चुकल्यास गुडघेदुखी उद्भवू शकते.

केवळ रंगावरून क्लीट निवडू नये. शिमानोच्या रस्ता-क्लीटमध्ये लाल रंगाची क्लीट पावलाला मुळीच हलू देत नाही. लूक केओमध्ये मात्र लाल क्लीट सर्वाधिक, म्हणजे नऊ अंशांची मोकळीक देते.

पेडल हाताने हलवून पाहावे. ते डगमगत असल्यास अथवा फिरताना खरखरत असल्यास बेअरिंगकडे लक्ष द्यावे. पेडल काढताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरू नये. बसविताना आट्यांना ग्रीस लावावे.

क्रीडाशिक्षकांनी काय करावे?

नवशिक्या विद्यार्थ्याच्या पेडलची स्प्रिंग दोन्ही बाजूंस सारखीच व सैल ठेवावी. त्याला प्रथम भिंतीचा आधार देऊन पाऊल अडकविण्याचा व सोडविण्याचा सराव करवून घ्यावा आणि त्यानंतरच रस्त्यावर न्यावे. थांबण्यापूर्वीच पाऊल मोकळे करण्याची सवय त्याच्या अंगी बाणली पाहिजे.

या सर्व तपासणीस दहा मिनिटे पुरतात. प्रत्येक सरावापूर्वी ब्रेकबरोबर क्लीटही पाहण्याचा नियम शाळांनी व क्रीडामंडळांनी घालून घेतल्यास अनेक मुले टाळता येण्याजोग्या दुखापतीपासून वाचतील.