पहिल्या वर्गणीनंतर

एकट्यानं ॲप चालवणारी दोन माणसं भेटली की गाडी हमखास कमिशनवर येते. 30 टक्के म्हणजे दरोडाच, वगैरे. चिडायला हरकत नाही, पण आपल्यासारख्यांना तो दर बहुधा लागूच होत नाही. वर्षाला 10 लाख डॉलरच्या आत कमाई असेल तर ॲपल 2021पासून 15 टक्केच घेतं. त्यासाठी अर्ज तेवढा करावा लागतो. गुगलनं 2022च्या जानेवारीपासून सबस्क्रिप्शनचा दर पहिल्या दिवसापासून 15वर आणला. माझी झोप उडाली ती या टक्क्यांनी नाही. पहिली वर्गणी आली, पार्टी झाली आणि वर्षानं दुसरी वसूल व्हायची वेळ आली, तिथून खरी कटकट सुरू झाली.

माझं ॲप हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्सचा हिशेब ठेवतं. एका सोसायटीत कमिटी बदलली. जुन्या सेक्रेटरींनी फोनवरून ॲप उडवलं आणि ते मोकळे झाले. वर्ष भरल्यावर पैसे मात्र त्यांच्याच खात्यातून गेले. "अहो, मी ते ॲप कधीच डिलीट केलंय!" काका फोनवर तापलेले. पैसे कापण्याआधी बँकेचा मेसेज आला होता, तो त्यांना जाहिरात वाटला. तिकडे नव्या सेक्रेटरीबाईंच्या फोनवर 'प्लॅन निवडा' असा पडदा. म्हणजे एकाच सोसायटीचे पैसेही गेले आणि ॲपही बंद.

यात नियम कुणी मोडला नव्हता. ॲप काढलं म्हणून वर्गणी थांबत नाही, आणि खरेदी चिकटते ती ज्याच्या फोनवरून केली त्याच्या स्टोअर-खात्याला. सोसायटी, क्लास, दुकान असं सामायिक गिऱ्हाईक असेल तर हे आधीच धरून चाला. खरेदीच्या वेळी आपल्याकडचा खातेक्रमांक सोबत पाठवायची सोय दोन्ही स्टोअरांत आहे. नाव-ईमेल नाही, नुसता सांकेतिक क्रमांक. तो पाठवा आणि हक्क फोनवर न तपासता आपल्या सर्व्हरवर त्या खात्याशी जोडा. सेटिंग्जमध्ये 'वर्गणी रद्द करा' असं बटण ठेवून ते थेट स्टोअरच्या पानावर न्या. लपवून गिऱ्हाईक टिकत नाही. परताव्याचंही आधी समजून घ्या: अँड्रॉइडवर तो तुम्ही स्वतः देऊ शकता, आयफोनवर निर्णय ॲपलचा. तुम्ही फक्त अर्जाची वाट दाखवू शकता, आणि हे चिडलेल्या माणसाला समजावण्याचं उत्तर मराठीत तयार असलेलं बरं.

आपल्याकडे आणखी एक पाचर आहे. 1 ऑक्टोबर 2021पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून दर खेपेला आपोआप पैसे कापायचे तर ग्राहकाची आधी नोंदवलेली संमती लागते आणि 24 तास अगोदर सूचना जावी लागते. पुढच्याच वर्षी ॲपलनं भारतात कार्डं घेणं थांबवलं. यूपीआय, नेटबँकिंग आणि खात्यातली शिल्लक उरली. गुगल प्लेवर यूपीआय ऑटोपे 2022च्या अखेरीस आलं. परदेशी व्हिडिओ पाहून 'वर्गणी म्हणजे झोपेतही कमाई' असं गणित कुणी मांडत असेल तर त्यातला झोपेचा भाग वगळा. हप्ता चुकला तर काही दिवस सवलतीचे देण्याची सोय कन्सोलमध्ये असते, ती चालू करा. अँड्रॉइडवर आपोआप न वाढणारा प्रीपेड प्लॅनही देता येतो. रिचार्जची सवय असलेल्या आपल्या लोकांना तो पटकन कळतो.

तपासणीत ॲप परत येण्याची कारणं बहुतेक क्षुल्लक असतात. वर्षाला किती कापणार तो आकडा बारीक आणि 'महिन्याला फक्त' ठळक, हे चालत नाही. जुनी खरेदी परत मिळवायचं बटण, अटी आणि गोपनीयतेच्या लिंक, तपासनिसासाठी चालू लॉगिन, एवढं हवंच. आयफोनवर प्लॅनची यादी रिकामी दिसली तर कोड उकरण्याआधी विक्रीचा करार, बँक आणि कराचे फॉर्म पुरे झालेत का ते पाहा.

अँड्रॉइडवर एक कलम मात्र भिंतीवर लिहून ठेवा: खरेदी झाल्यावर 3 दिवसांत तुमच्या ॲपनं किंवा सर्व्हरनं पोच दिली नाही तर पैसे आपोआप परत जातात. ओळखीच्या एका मुलाचा सर्व्हर जोडून सुट्ट्या आल्या तेव्हा बंद पडला आणि त्याची बरीच विक्री अशी उलटली. चाचणीच्या खात्यात महिन्याची वर्गणी 5 मिनिटांत संपते. तेव्हा नूतनीकरण, चुकलेला हप्ता, रद्द करणं हे सगळं एका चहात पाहून होतं. बहुतेक जण खरेदी झाली की टेस्टिंग संपवतात.

स्टोअरशी भांडायची हौस असेल तर 2024चा मार्च आठवा. बिलिंगच्या वादात गुगलनं लग्न-नोकरीची बडी भारतीय ॲप्स प्लेवरून काढली आणि सरकारनं लक्ष घातल्यावर ती परत आली. आपलं काढलं तर कुठला मंत्री बैठक बोलावणार?

आणि वर्गणी संपली म्हणून जुना हिशेब कुलपात घालू नका. नव्या नोंदी थांबवा. वाचणं आणि पीडीएफ काढणं चालू राहू द्या. ऑडिटर समोर बसलाय आणि सेक्रेटरींना पावत्या उघडत नाहीत, अशा वेळी माणूस पैसे भरत नाही, एक तारा देतो आणि शेजारच्या सोसायटीलाही सांगतो.