पदयात्रा आणि पाऊल : रचना, गती व निगा

तीर्थक्षेत्री पायी जाण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. आषाढी वारीत आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर वारकरी चालून जातात. एका पावलाचे अंतर ७० सेंटिमीटर धरले, तर या वाटचालीत साडेतीन लाखांहून अधिक पावले पडतात आणि प्रत्येक वेळी देहाचा सारा भार क्षणभर एकाच पायावर येतो. हा भार पाऊल कसे पेलते आणि त्याचे रक्षण कोण करते, हे प्रत्येक पदयात्रीने जाणून घेणे हिताचे आहे. मधुमेह असलेल्या भाविकांनी तर हा लेख अवश्य वाचावा.

पावलाची रचना

प्रौढ मनुष्याच्या शरीरात २०६ हाडे असतात. त्यांपैकी प्रत्येक पावलात २६, म्हणजे दोन्ही पावलांत मिळून ५२ हाडे आहेत. शरीरातील एकूण हाडांचा हा चौथा हिस्सा होय. ही हाडे अस्थिबंधांनी एकमेकांस जखडलेली असून त्यांची मांडणी कमानीसारखी आहे. आतल्या कडेची उंच कमान, बाहेरच्या कडेची बसकी कमान आणि चवड्यामागील आडवी कमान अशा तीन कमानी मानल्या जातात. दगडी पुलाची कमान अचल असते. पावलाची कमान मात्र लवचिक असते. भार येताच ती किंचित खाली बसते आणि भार सरताच पूर्ववत होते. टाचेच्या हाडाखाली मेदाची जाड गादी असते, ती जमिनीचा आघात सौम्य करते. तळव्याच्या त्वचेखाली टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट तंतुमय पट्टा ताणलेला असतो.

चालण्याची क्रिया

चालताना प्रत्येक पाय सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर व ४० टक्के वेळ हवेत असतो. या अल्प काळात पावलास परस्परविरुद्ध अशी दोन कामे करावी लागतात. टाच टेकताच पाऊल थोडे आतल्या बाजूस कलते, सांधे सैल होतात, कमान खाली येते आणि खडबडीत जमिनीशी जुळवून घेतले जाते. पुढच्याच क्षणी टाच उचलली जाते. आता देह पुढे ढकलायचा असतो, म्हणून तेच सैल पाऊल तरफेसारखे ताठ व्हावे लागते.

हा बदल कसा घडतो, हे ब्रिटिश संशोधक जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली दाखवून दिले. विहिरीवरील रहाटाला दोर गुंडाळला की पोहरा वर येतो. त्याचप्रमाणे टाच उचलताना बोटे वर वळतात, तळव्याचा पट्टा बोटांच्या मुळाशी गुंडाळल्यासारखा ताणला जातो आणि कमान उंचावून पाऊल ताठ होते. वाचकांनी हे स्वतः पडताळून पाहावे. खुर्चीचा आधार घेऊन उभे राहावे व दुसऱ्या कोणी पायाचा अंगठा वर उचलावा; बहुतेकांची कमान उंचावलेली दिसेल.

दिवसेंदिवस चालल्याने याच पट्ट्यावर अतिरिक्त ताण येतो. सकाळी उठल्यावर पहिली पावले टाकताना टाचेत कळ येणे, हे त्याचे नेहमीचे लक्षण होय. पोटऱ्या आखडलेल्या असल्यास हा त्रास वाढतो. म्हणून यात्रेपूर्वी काही आठवडे रोजचे चालणे हळूहळू वाढवावे आणि पोटऱ्यांना ताण देण्याचा व्यायाम करावा.

वेदना : पावलाची राखणदार

एकाच जागी दाब पडू लागला की निरोगी मनुष्य नकळत पाऊल तिरके टाकतो, थांबतो किंवा वहाणेतील खडा काढून टाकतो. हे सारे वेदनेमुळे घडते. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली रुजू झालेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांचा दीर्घ अभ्यास केला. रुग्णांच्या पायांना पडणाऱ्या जखमांचे मुख्य कारण मांस आपोआप सडणे हे नसून, संवेदना हरपल्याने त्याच जागी पुनःपुन्हा पडणारा दाब व नकळत होणारी इजा हे आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

दीर्घकाळच्या मधुमेहातही पायांची संवेदना अशीच मंदावू शकते. असा भाविक फोड आलेल्या पायाने दिवसभर चालतो आणि त्याला काही जाणवत नाही. रक्तपुरवठाही कमी असल्यास जखम भरत नाही, ती चिघळते आणि प्रसंगी पाय कापण्याची वेळ येते. ‘पाय दुखत नाही’ म्हणजे पाय सुखरूप आहे, असे मधुमेही व्यक्तीने समजू नये. जेथे वेदना पहारा देत नाही, तेथे डोळ्यांनी पहारा द्यावा लागतो.

यात्रेकरूंसाठी सूचना

१. नवी पादत्राणे यात्रेच्या दिवशी प्रथमच घालू नयेत. सायंकाळी पाय किंचित सुजलेले असतात, म्हणून खरेदी त्या वेळी करावी.

२. ओले पायमोजे त्वरित बदलावेत. ओलावा व घर्षण यांमुळे फोड येतात.

३. मुक्कामी पोहोचल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे पाहावेत. स्वतःस दिसत नसल्यास आरसा घ्यावा किंवा सोबत्यास पाहावयास सांगावे.

४. मधुमेही भाविकांनी ऊन पाण्यात पाय शेकू नयेत. पायांना चटका कळत नाही आणि त्वचा भाजते. भोवरी किंवा कुरूप ब्लेडने कापू नये.

५. भर दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणे त्यांनी टाळावे. सकाळी दर्शन घ्यावे किंवा पायमोजे घालण्याविषयी देवस्थानच्या सेवेकऱ्यांना विचारावे.

६. लाली, सूज, पू, काळसर डाग अथवा ताप आढळल्यास चालणे थांबवून त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

दात्यांस विनंती

पदयात्रींना पादत्राणे देऊ इच्छिणाऱ्या दात्यांनी ती निरनिराळ्या मापांची द्यावीत. घट्ट वहाण घातल्याने लाभापेक्षा इजाच अधिक होते. प्रांगणात अंथरण्यासाठी काथ्याच्या पट्ट्या, मुक्कामाच्या ठिकाणी पाय धुण्याची सोय व तळवे तपासण्यापुरता उजेड यांसाठी दिलेले दानही तितकेच मोलाचे आहे. वाटेत पायांना मालीश करणाऱ्या सेवेकऱ्यांनी तेल लावण्यापूर्वी तळवा एकदा नीट पाहावा. ज्या जखमेची यात्रेकरूस जाणीवही नाही, ती त्यांच्या दृष्टीस पडली, तर एक पाय वाचेल.