चलन आपल्याच नावाचं असू द्या

लोहारा तालुक्यात आमच्या वडिलोपार्जित गटात, गावठाणाला लागून, घर बांधायचं ठरवलं. कंत्राटदाराला सगळं सोपवायचं नाही, स्वतः उभं राहून बांधायचं. परवानगीच्या कागदांसाठी मात्र माणूस लागतो, म्हणून एका खासगी इंजिनिअरकडे गेलो. मोजणी, सर्व्हे, माती तपासणी, एन.ए., नकाशा असं सगळं मिळून त्याने 48,000 रुपयांचं 'पॅकेज' सांगितलं. मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, मोजणीची पावती कुणाच्या नावाने निघणार? "काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका, ऑफिसातलं सगळं माझ्याकडं लागलं." पुढे प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर मिळत गेलं.

एके सकाळी त्याची दोन पोरं तिपाईवर यंत्र लावून शेतात उभी राहिली. चार कोपऱ्यांना चुना टाकला आणि दुपारच्या आत निघून गेली. नंतर रंगीत नकाशा आला, खाली त्याच्याच फर्मचा शिक्का. परवानगीच्या टेबलावरच्या बाईंनी तो उलटून पाहिला आणि विचारलं, "'क' प्रत कुठंय?" त्यांचं बरोबरच होतं. हद्द ठरते ती भूमी अभिलेखच्या मोजणीने, आणि तिचा पुरावा म्हणजे त्या कार्यालयाने सही-शिक्क्यानिशी दिलेली मोजणी नकाशाची 'क' प्रत. खासगी नकाशा घराची आखणी करायला उपयोगी पडतो, पण भूमी अभिलेखच्या प्रमाणीकरणाशिवाय हद्दीचा पुरावा म्हणून कुणी तो धरत नाही. हे त्या इंजिनिअरला माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. "अर्ज टाकलाय, नंबर लागेल," असं तो मला सांगत होता. चौकशी केली, तर माझ्या गट नंबरावर मोजणीचा अर्जच दाखल नव्हता.

हिशोब मागितला तेव्हा त्याने मोजणीपोटी 18,000 रुपये तोंडी सांगितले. आता सरकारी दर ऐका. डिसेंबर 2024 पासून साधी, तातडी, अतितातडी हे जुने प्रकार जाऊन नियमित आणि द्रुतगती असे दोनच राहिले. नगरपालिका हद्दीबाहेर 2 हेक्टरपर्यंतच्या हद्द कायम मोजणीला नियमितचे 2,000 आणि द्रुतगतीचे 8,000 रुपये. ई-मोजणीवर अर्ज करून चलन स्वतः भरता येतं. शेवटी मी तेच केलं. भूकरमापक रोव्हर घेऊन आले, लगतधारकांना नोटिसा गेल्या होत्या, खुणा दाखवल्या, रीतसर 'क' प्रत मिळाली. मजूर आणि हद्दीचे दगड आपण पुरवायचे असतात, तेवढा खर्च धरून ठेवा. उभ्या पिकात मोजणी लावू नका, आणि शेजारच्या भावकीला नोटिशीवर सोडू नका, स्वतः जाऊन बोलावून आणा. त्या दिवशी बांधावर हजर असलेला माणूस पुढे सहसा कोर्टात जात नाही.

एन.ए.चंही तसंच. माझ्या कामाच्या वेळी जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 42-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी बिनशेती झाल्याचं मानलं जात होतं. लागू असेल तो कर आणि अधिमूल्य भरून तेव्हा सनद घ्यावी लागायची. माझी जमीन त्या अंतरात बसते. त्याने मात्र पॅकेजमध्ये 'एन.ए. करून देण्याचे' म्हणून पैसे धरले होते. मराठवाड्यातल्या इनाम, मदतमाश जमिनींची गोष्ट निराळी. सातबारावर भोगवटादार वर्ग-2 असेल तर आधी तो प्रश्न सोडवा, मगच मोजणीला पैसे घाला.

पण ज्यामुळे माझी झोप उडाली तो कागद माती तपासणीचा. अहवाल चांगला बाइंडिंग केलेला, मुखपृष्ठावर माझं नाव. आत लिहिलं होतं, 1.2 मीटर खोलीवर पिवळसर कठीण मुरूम. मी तो वाचला तेव्हा पाण्याच्या हौदासाठी जेसीबीने काढलेला खड्डा माझ्यासमोर उघडा होता. पुरुषभर खोल, आणि तळापर्यंत काळी माती. उन्हाने तिला इतक्या रुंद भेगा पडलेल्या की हाताचा पंजा सहज आत जात होता. मुरमाचा एक खडा कुठं दिसेना. पानं उलटत गेलो, तर तिसऱ्या पानाच्या माथ्यावर गट नंबर दुसराच आणि गावही दुसरंच. कुणाच्या तरी जमिनीचा अहवाल, फक्त मुखपृष्ठ बदललेलं. माझ्या शेतात माती काढायला कुणी आलंच नव्हतं.

विचारलं तर म्हणाला, "काका, इकडची जमीन सगळी सारखीच असते." त्यानंतर त्याने माझा फोन उचललेला नाही.

हे वाक्य त्याने लोहारा तालुक्यात उच्चारलं, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात सास्तूर आणि आसपासची गावं दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली गाडली गेली. भूकंपाच्या नकाशात हा पट्टा तोवर सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. 2002 च्या मानकात तो तिसऱ्या क्षेत्रात आला. अशा ठिकाणी काळ्या मातीवरच्या घराला मुरमाचा पाया आखून देणं याला मी निष्काळजीपणा म्हणत नाही, त्याहून वाईट शब्द माझ्याकडे आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरवरचा पाया दर वर्षी हलतो आणि भिंती तिरक्या तडकतात. खोल जाऊन पक्क्या थरावर पाया टेकवायचा, की अंडर-रीम्ड पाइल घालायचे, हे मातीचा खरा अहवालच सांगतो.

म्हणून माती तपासणी टाळू नका. तो खर्च वाचवण्यासारखा नाही. खतांसाठी करतो ती माती तपासणी निराळी, तिचा इथे उपयोग नाही. आपल्याला जमिनीची भारक्षमता आणि फ्री स्वेल इंडेक्स हवा. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा तंत्रनिकेतनात आधी चौकशी करा. नमुना काढताना स्वतः हजर राहा, खड्ड्यात टेप सोडून फोटो काढा, पिशवीवर गट नंबर आणि तारीख आपल्या हाताने लिहा. अहवालाच्या प्रत्येक पानावरचा गट नंबर वाचा. मोजणी, माती, नकाशा यांचे पैसे वेगवेगळे द्या, प्रत्येकाची पावती वेगळी घ्या. ओळखीच्या माणसाला विचारून इंजिनिअर निवडा, घाई करू नका.

नवी तपासणी करून घेतली. पाया आता आधीच्या आखणीपेक्षा बराच खोल जाणार आहे, खर्चही वाढणार आहे, आणि तो मी आनंदाने करतो आहे. 48,000 मात्र सोडणार नाही. धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची तयारी केली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याने पावती दिली नाही, पण पैसे फोनवरून गेलेत, त्याची नोंद बँकेत आहे. दुसऱ्याच्या गटाचं ते तिसरं पानही अर्जाला जोडलं आहे.